दसऱ्याचा अल्टरनेटर

आमच्या घरात शनिवारचा चहा नेहमी गार व्हायचा. अजमानच्या फ्लॅटमध्ये आठवड्याचे बाकी दिवस बायको असा कढत चहा देते की बशीत ओतल्याशिवाय जिभेला लावता येत नाही. पण शनिवारी मुलगी विमान उडवायला गेली की ती स्वतःचा कप भरून समोर ठेवायची आणि मोबाइलकडे बघत बसायची. मुलीचा ‘डाऊन’, म्हणजे उतरले, असा एका शब्दाचा मेसेज आला की मगच कप उचलायची. तोवर त्यावर साय धरलेली असायची.

“चहाने काय पाप केलंय?” असं मी विचारायचो. मी माझा कप संपवून मोकळा व्हायचो. घाबरण्यासारखं काही नाही, हे मला चांगलं माहीत होतं. आयुष्यभर मी विमानांच्या तारांतच हात घातले आहेत. मोठ्या प्रवासी विमानांच्या पोटात शिरून वायरिंग करणं हा माझा धंदा, आणि तारा नीट बांधलेल्या असल्या की विमान नीट उडतं, एवढं माझं साधं तत्त्वज्ञान.

मुलगी दुबईत एका ऑफिसात नोकरी करते. पाच दिवस कॉम्प्युटर, शनिवारी विमान. दोन मैत्रिणींबरोबर तिने एका जुन्या विमानात हिस्सा घेतलाय. शेजारी शेजारी दोन सीटा, पुढे एक इंजिन, आणि बांधणी अशी की हवेत कोलांट्या मारल्या तरी त्याला काही होऊ नये. कारण त्याचं कामच ते, कसरती करणं. ती विमान चालवायला शिकली तेव्हा बायकोने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते. कसरतींचं मात्र मी आणि मुलीने बायकोला सांगितलं नव्हतं. ते तिला लिफ्टमध्ये कळलं. शेजारणीने फोन पुढे करून व्हिडिओ दाखवला, “ही तुमचीच ना हो?” विमान पोट वर करून चाललं होतं.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मनाई केली नाही, अबोला धरला नाही. फक्त बघायचं सोडलं. विमानाचा विषय निघाला की तिला कुकरची शिट्टी आठवायची. व्हिडिओ लावला की डोळ्यांत काहीतरी जायचं. विमानतळावर ती एकदाही आली नाही. मुलीला हे फार लागलं होतं. एकदा गाडीत ती मला म्हणाली, “बाबा, शी डझंट हॅव टू लाइक इट. बट शी वोंट इव्हन लुक.” समोर सिग्नल हिरवा झाला होता, मी गाडी काढली.

आणि मग या नवरात्रात, मुलीने नेहमीसारखं “आई, एकदा तरी चल ना” म्हटलं, तेव्हा बायको वरीचे तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, “दसऱ्याला येईन. सीमोल्लंघन म्हणून. एकदाच. आणि सरळ न्यायचं, सरळ आणायचं. उलटंपालटं काही केलंस तर याद राख.”

मुलगी बघतच राहिली. मी पण. दसऱ्याला सीमा ओलांडायची हे आम्ही इथेही पाळतो. एरवी शारजात मित्राकडे जेवायला गेलो की झालं आमचं सीमोल्लंघन. यंदा ती हवेतून करायला तयार झाली होती, आणि बायकोला मी ओळखून आहे. धीर तिला एका मुहूर्तापुरता येतो. तो मुहूर्त टळला की पुन्हा कुकरची शिट्टी. म्हणजे दसरा साधला तर साधला, नाहीतर मुलीचं उडणं तिने कधीच बघितलं नसतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात विमानाचा अल्टरनेटर गेला.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, वीज तयार करणारा डबा. तो नसला तर विमान लगेच पडत नाही, बॅटरीवर थोडा वेळ निभतं. पण निभावून नेत आईला पहिल्यांदा हवेत नेणारी मुलगी आमची नाही, आणि नेऊ देणारा बाप मी नाही. जुना काढला, नवा मागवला. विमान ठेवतो त्या हँगरचा पत्ता कुरियरवाल्यांना कधीच सापडत नाही म्हणून आमच्या घरचाच पत्ता दिला. खोकं अष्टमीच्या संध्याकाळी आलं. उद्या शनिवार, दिवसभर निवांत बसवू, परवा दसरा, उडा खुशाल, असा माझा हिशेब.

“उद्या खंडेनवमी आहे,” बायको म्हणाली. “उद्या हत्यारांना हात लावायचा नाही.”

“अगं, परवा उडायचंय तर उद्याच नको का बसवायला?”

“परवा पहाटे उठून बसवा. वर्षभर राबवता त्यांना. एक दिवस बसू दे.”

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की ती दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत, हे तिच्या माहेरी कडक. तिच्या वडिलांचं वर्कशॉप होतं. विमानात बसायला तयार झालेल्या बाईशी वाद घालायचा नसतो, एवढी अक्कल मला होती. शनिवारी देवासमोर पाटावर माझे पाने, पक्कड, मल्टिमीटर मांडले गेले. त्यांच्या शेजारी तिची विळी आणि मुलीचा हेडफोन. नारळ आणायचा राहिला म्हणून मी खाली ग्रोसरीत गेलो. वर आलो तेव्हा पूजा आटोपली होती, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं होतं, आणि अल्टरनेटरचं खोकं पाटाच्या कडेला बंद करून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या पहाटे मी एकेक अवजार फडक्याने पुसलं. कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं. अवजारांची पेटी उलटी करून झाडली. विमानाच्या इंजिनाजवळ बाहेरचा कणसुद्धा न्यायचा नसतो. तांदळाचा एक दाणा कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. त्या दिवशी पेटीत एक दाणा राहिला नव्हता, आणि मी स्वतःवर खूश होतो.

हँगर आमच्या घरापासून लांब नाही. वाळूत एक धावपट्टी, चार पत्र्याच्या शेड, फाटकाशी कडक चहाचं कॅफेटेरिया. हँगरचा प्रमुख लाहोरचा. आम्ही दोघं तरुणपणी एकाच कंपनीत होतो. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, हा विमानांचा कायदा. तेव्हापासून तो माझ्या तारा तपासतो आणि मी त्याच्या. चुका काढण्यात आम्हा दोघांनाही सारखीच मजा येते.

“हॅपी दसेरा, भाई,” तो म्हणाला. “यल्ला, चलो, धूप से पहले खलास करते हैं.”

आधी बॅटरीची तार सोडवली. मग अल्टरनेटर जागेवर धरून खालचा लांब बोल्ट सरकवला. नवा अल्टरनेटर वजनाला जुन्यापेक्षा हलका होता, हातात घेतल्यावर बरं वाटलं. पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण बघितला. लाहोरवाल्याने स्वतःच्या अंगठ्याने पुन्हा बघितला, कारण माझा अंगठा त्याला पटत नाही. मग माझं आवडतं काम, तारा. एक जाड तार, वीज बाहेर नेणारी. एक बारीक, किती वीज करायची ते सांगणारी. आणि तिसरी अर्थची, म्हणजे अर्थिंगची, चपटी विणलेली पट्टी, वीज परत न्यायला. साध्या विमानात तार थोडी हलली तर खपतं. कसरतीच्या विमानात सगळं जग उलटं होतं, दर वेळी. म्हणून तार ताणायची नाही, लोंबवायची नाही, कशाला घासू द्यायची नाही. मी एकेक तार वळवून बांधत होतो. ऑक्टोबरचा घाम नाकावरून टपकत होता आणि मी अगदी सुखात होतो. मुलीच्या विमानाला हात लावायची संधी मला क्वचितच मिळते. एरवी मी फार बाऊ करतो म्हणून ती म्हणते, “बाबा, यू फस टू मच.”

अर्थच्या पट्टीची जागा अल्टरनेटरच्या पाठीमागे होती, डोकं जात नाही अशा खोबणीत. तिथे छोटा आरसा धरूनच काम करावं लागतं. आरशात मला ती घासून चकचकीत केलेली गोल जागा दिसली, आणि तिच्यावर मधोमध एक लाल ठिपका. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट तपासून झाली की तिच्यावर लाल रंगाचा ठिपका देतात. कारखान्यातल्या कोणीतरी तपासून दिलाय, मी मनात म्हटलं, शाबास. त्यावर पट्टी बसवली, नट आवळला, आणि नटावर माझाही एक लाल ठिपका दिला. लाहोरवाल्याने टॉर्च मारून आरशात बघितलं.

“माशाअल्ला,” तो म्हणाला. चूक काढायला काही सापडलं नाही म्हणून जरा खट्टूच झाला होता.

दुपारी मुलगी आईला घेऊन आली. बायकोच्या हातात श्रीखंड-पुरीचा डबा, आपट्याच्या पानांची पिशवी, अंगात नवा पंजाबी ड्रेस. हँगरमध्ये तिने पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. लाहोरवाल्याने “आइए भाभी” म्हणत खुर्ची पुसून दिली. ती खुर्ची तिने फिरवली आणि विमानाकडे पाठ करून बसली. मुलीने ते बघितलं.

विमान बाहेर ढकललं. मुलीने आत बसून इंजिन सुरू केलं. विजेचा काटा झक्क वर आला. मी लाहोरवाल्याकडे बघून भुवया उडवल्या. मग तिने दिवा लावला, पंप लावला, आणि काटा घसरला. धोक्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दिवा-पंप बंद केले, काटा वर. पुन्हा लावले, पुन्हा खाली. तिने इंजिन बंद केलं. पंखा थांबला तेव्हा एकदम शांत झालं.

“होत नसेल तर राहू दे हं,” हँगरमधून बायकोचा आवाज आला. “पुढच्या वेळी बघू.”

त्या आवाजात सुटका होती. मला ती स्पष्ट ऐकू आली, मुलीलाही आली. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि तसाच धरून बसली. मला इतकं वाईट वाटलं की मी कारखान्याला मोठ्याने चार शिव्या घातल्या.

मग शोधाशोध सुरू झाली. जाड तार बघितली, ठीक. बारीक तार ठीक. नियंत्रकाचा डबा ठीक. सावल्या लांब व्हायला लागल्या. लाहोरवाला म्हणत होता कारखान्याचा मालच खराब, आणि मीही ते मानायला तयार झालो होतो, कारण माझं काम खराब आहे यापेक्षा ते सोपं होतं. शेवटी मी मल्टिमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थला लावलं. काहीच अडथळा दिसायला नको होता, पण दिसला. पट्टी हलवली की आकडा हलायचा.

नट काढला, पट्टी बाजूला केली, बोट घालून त्या जागेवरून फिरवलं. बोट लालभडक झालं. रंग असा बोटाला लागत नाही. वास घेतला. तिळाचं तेल. तेलात कालवलेलं कुंकू, आणि त्यात चिकटून चपटा झालेला तांदळाचा एक दाणा.

मी पेटी झाडत होतो तेव्हा तो दाणा खोक्यात सुखरूप बसला होता.

“ये क्या है, भाई?” लाहोरवाल्याने विचारलं. मी खंडेनवमीची सगळी कथा सांगितली. हसता हसता त्याला टायरवर बसावं लागलं. “मैंने भी तो पास किया,” तो डोळे पुसत म्हणाला. मग आवाज खाली आणून, “भाभी को मत बोलना. बोलो, नट ढीला था.”

माझ्याही मनात तेच होतं. एक तर तिने एवढ्या मनोभावे पूजा केलेली. आणि तिला सांगितलं की आपल्याच कुंकवाने विमान अडलं, तर ती अपशकुन म्हणून सरळ घरी जाईल. पण मुलगी माझ्याकडे बघत होती.

“नो, बाबा. इट्स युअर रूल. जे सापडलं ते सांगायचं.”

एवढं एक वाक्य तिने मराठीत म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं.

मी हातात स्पिरिटचं फडकं घेतलं, आधी पुसून तरी घेऊ म्हणून. आणि हात थांबला. सकाळी पान्यांवरचं कुंकू मी बेधडक पुसलं होतं. मी काही मानणारा माणूस नाही, सगळ्यांना तसं सांगत फिरतो. पण ज्या विमानात थोड्या वेळाने बायको आणि मुलगी दोघी बसणार, त्याचं कुंकू माझ्या हाताने पुसायचं? नाही झालं माझ्याने. वेड्यासारखा फडकं धरून उभा राहिलो.

“काय झालं?” बायको खुर्चीवरून उठून आली होती. मी लाल झालेलं बोट पुढे केलं. तिला काय ते लगेच कळलं.

“अहो, तिथे लावायचं नव्हतं?”

“तिथेच तेवढं नव्हतं लावायचं.”

“सगळीकडे जाळ्या नि भोकं. तेवढीच एक जागा स्वच्छ, गोल, कपाळासारखी दिसली,” ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या फडक्याकडे, माझ्याकडे बघितलं. “मग पुसायचं की. थांबलात का?”

“तू पूस.”

“तुम्ही कधीपासून मानायला लागलात?”

मी फडकं पुढे केलं. तिने ते घेतलं, ओढणी खांद्यावरून मागे टाकली आणि हात खोबणीत घातला. “त्या कुंकवाने पोरीचंच अडत असेल, तर ते काय कामाचं?” असं म्हणत तिने ती जागा अशी घासली की मी तशी घासली नसती. मी आरसा धरला होता. आरशात तिची बोटं दिसत होती, बांगड्या इंजिनाला लागून वाजत होत्या. लाहोरवाला टॉर्च धरून उभा होता. स्वच्छ धातू चमकायला लागला तेव्हा तिने विचारलं, “आता?” मी म्हटलं, “आता बरोबर.” मी पट्टी लावली, नट आवळला. लाहोरवाल्याने आरशात तपासलं आणि मग एकदा बोटही फिरवून बघितलं, कारण आता लाल ठिपक्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

इंजिन सुरू झालं. दिवा, पंप, रेडिओ, सगळं लावलं. काटा जागचा हलला नाही. मुलगी एकटी एक फेरी मारून आली. त्या वेळी बायको विमानाकडे तोंड करून उभी होती. कधी फिरली ते मला कळलंच नाही.

विमान परत येऊन थांबलं, मुलगी खाली उतरली. बायकोने पर्समधून कुंकवाची डबी काढली, मुलीची हनुवटी धरली आणि विचारलं, “इथे वायर नाही ना?”

मुलगी आधी हसली, मग तिचे डोळे भरले. “नो वायर, आई,” ती म्हणाली. बायकोने तिच्या कपाळावर बोट टेकवलं.

मग नियमाप्रमाणे बायकोच्या पाठीला पॅराशूट बांधलं. “हे कशाला? पडणार आहोत का?” “रूल आहे, आई.” खिसे रिकामे करायला लावले. आपट्याची पानं तिला न्यायची होती, वर गेल्यावर मुलीला सोनं द्यायला. तेही नाही म्हटल्यावर तिने पिशवी माझ्याकडे दिली. “धरा. आणि सरळ नेणार आहे, माहितीये मला,” हे वाक्य मला होतं की मुलीला, की स्वतःलाच, कोण जाणे.

विमान समुद्राच्या बाजूला वर चढत गेलं. लाहोरवाल्याने कॅफेटेरियातून चहा मागवला, माझ्या हातात कागदी कप दिला. “अब पियो आराम से.” मी पानांची पिशवी काखेत धरून वर बघत होतो. अर्थची पट्टी नीट आवळलीय ना? आवळलीय. जाड तार कशाला घासत नाहीये ना? नाही. हे सगळं मी स्वतः केलं होतं, त्याने तपासलं होतं. तरीही मी पुन्हा पहिल्या तारेपासून मोजायला लागलो. दोघीही वर होत्या. मी खरंच घाबरलो होतो, आणि हे शनिवारी घरी बसून मला कधी कळलं नव्हतं.

हँगरमधला छोटा रेडिओ खरखरला. “बाबा, आई वॉन्ट्स टू सी इट. ओके?”

मी वरच बघत राहिलो. लाहोरवाल्याने माझ्या वतीने बटण दाबलं, “ओके बेटा.”

विमान नाक जरा वर करून सावकाश एका कुशीवर झालं, उलटं झालं, आणि दुसऱ्या कुशीवरून परत सरळ. मी श्वास सोडतो न सोडतो तोच रेडिओ पुन्हा खरखरला. आता मुलीच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

“बाबा! शी सेज वन मोअर!”

सूर्य खाली गेला होता तेव्हा दोघी उतरल्या. बायको शिडीवरून माझा खांदा धरून उतरली. केस सगळे सुटले होते, पण चेहरा असा फुललेला मी फार दिवसांत बघितला नव्हता. तिने आधी माझ्या काखेतली पिशवी घेतली, आपट्याची दोन पानं काढली आणि मुलीच्या हातात दिली. मुलगी वाकून पाया पडली आणि मग आईला घट्ट धरून उभी राहिली.

“पुन्हा करायला सांगितलंस?” मी बायकोला विचारलं. “सरळ नेणार होती ना ती?”

“अहो, पहिल्या वेळी मी डोळेच मिटले,” ती म्हणाली. “मग म्हटलं, ते बघण्यासाठीच तर आलेय ना. दुसऱ्या वेळी तिच्याकडे बघत होते. आपण उलटे, समुद्र डोक्यावर, आणि ही हसतेय.” मग माझ्या हाताकडे बघून तिने विचारलं, “चहा घेतलात का?”

मी कपाकडे बघितलं. तो काठोकाठ भरलेला होता, वर साय धरली होती.

“नाही,” मी म्हणालो.

ती मला चिडवेल असं वाटलं होतं, पण चिडवलं नाही. माझ्या हातातला कप घेऊन अर्धा प्यायली आणि उरलेला मला दिला. चहा गारढोण झाला होता. मी तो संपवला.